चौथं वचन

वाडी, कशेळे
३ मार्च

निलेश,

सलाम. पत्राच्या वर 'प्रभू येशूमध्ये' असं लिहायची सवय आहे, पण त्या दोन शब्दांवरूनच आपलं घर फुटलं, म्हणून आज नुसता सलाम.

काल उपासना झाल्यावर तुझ्यावर मत घेतलं. निलेशला मंडळीतून काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, असं बा म्हणाला. हात वर झाले. त्यात माझाही होता. हे तुला कोणी ना कोणी सांगेलच, तेव्हा माझ्याकडूनच ऐक. कोणी माझा हात धरून वर केला नाही. बाने तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तो छताच्या पत्र्याकडे बघत होता. बायको म्हणून मी गप्प बसले असते तर चाललं असतं. गौराबाई तसं म्हणालीही, "तू नको गं उचलू, तुला माफ हाय." तरी मी उचलला.

बापाच्या धाकाने उचलला असं समजू नकोस. येशू देव नाही असं तू म्हणालास. आपल्या प्रार्थनाघरात, उपदेशाला उभा राहून म्हणालास. तो देवाने पाठवलेला माणूस आहे, अभिषेक केलेला मसीहा आहे, सगळ्या माणसांत मोठा आहे, पण देव नाही. मी पुढच्या चटईवर रियाला मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं तुझी जीभ घसरली. बाने जागेवरूनच म्हटलं, "निलेश, परत बोल. नीट ऐकू नाय आलं." आणि तू परत बोललास. अगदी नीट.

बाला काय झालं असेल याचा तू विचार केलास? तुला तर सगळं माहीत आहे. त्याला शाळा नाही. मोठेपणी अक्षरं जुळवत वाचायला शिकला ते योहानाच्या शुभवर्तमानावर. आरंभी शब्द होता, आणि तो शब्द देव होता. हे त्याने आयुष्यात स्वतःहून वाचलेलं पहिलं वाक्य. त्यावर त्याने स्वतःच्या जमिनीत प्रार्थनाघर बांधलं, ठाकुरवाडीकडचा एक पोरका पोरगा जावई करून घेतला, त्याला नाशिकच्या बायबल शाळेत पाठवलं, की आपल्यामागे मंडळी हा सांभाळेल. आणि त्या शाळेतून येऊन काही वर्षांनी तू त्याच्या पहिल्या वाक्यालाच हात घातलास.

त्याने तुला महिनाभर दिला होता. एक वाक्य बोल, म्हणाला, 'येशू माझा देव' एवढंच बोल. तू बोलला नाहीस. बॅग भरलीस आणि शिळफाट्याला, तुझ्याच मताची माणसं जमवणाऱ्या विपुलच्या खोलीवर निघून गेलास. मला 'चल' म्हणालास, ते खरं. मी आले नाही, तेही खरं.

का आले नाही ते आज लिहीत नाही.

फोन करू नकोस. फोनवर आपण एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही. तुझी कारणं कागदावर लिहून पाठव. मी प्रत्येकाला उत्तर देणार आहे. तुला शास्त्रातूनच हरवून घरी आणणार आहे. हसलास ना? हस.

रियाला सांगितलंय की कंपनीत तुझी शिफ्ट बदलली म्हणून तू तिकडे राहतोस. तिचा विश्वास बसलेला नाही.

ललिता


१६ मार्च

निलेश,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने कशेळ्याच्या शिलाईच्या दुकानात आणून दिलं, म्हणून घरी कोणी बघितलं नाही. तिथेच वाचलं. मग मशीनवर बसले. एका ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या शिवल्या. उसवत बसले.

आता एकेक घेते.

तू लिहितोस, शेवटचा दिवस कधी येणार ते पुत्रालाही ठाऊक नाही असं येशूच म्हणाला. देवाला ठाऊक नाही असं काही असतं का? माझं उत्तर, पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलंय की त्याने स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं. रिकामं केलं म्हणजे जाणून ठेवलेलंही ठेवून आला. राजा शेतात चिखलात उतरला तर मुकुट घालून उतरतो का?

तू लिहितोस, 'बाप माझ्यापेक्षा थोर आहे' हेही तोच म्हणाला. म्हणाला. रिया तुझ्यापेक्षा लहान आहे, म्हणून ती माणूस नाही का? मुलगा बापापेक्षा लहान असला तरी जात एकच असते.

आता माझं एक. हे मला कोणी शिकवलेलं नाही, मीच शोधलं. कर्नेल्य नावाचा सुभेदार पेत्राच्या पाया पडला, तेव्हा पेत्र काय म्हणाला? ऊठ, मीही माणूसच आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात योहान देवदूताच्या पाया पडतो, तर देवदूतही म्हणतो, असं करू नकोस, देवाला नमन कर. आणि येशू? होडीत शिष्य त्याच्या पाया पडले. कबरीपाशी बायकांनी त्याचे पाय धरले. थोमा तर तोंडावर म्हणाला, माझ्या प्रभू, माझ्या देवा. येशूने एकालाही उठवलं नाही. तो नुसता चांगला माणूस असता तर त्याने पेत्राइतकं तरी केलं असतं. सांग आता. एकतर तो देव आहे, नाहीतर पेत्रापेक्षाही कमी प्रामाणिक आहे. मधली जागा मला दिसत नाही.

हे बाला वाचून दाखवलं. खूश झाला. "आसं लिव्ह त्याला," म्हणाला. मग अंगणात जाऊन उभा राहिला आणि तिथूनच विचारलं, "जेवतो कुठं तो?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

माझं चित्त ठिकाणावर नाही, निलेश. वाचायला बसते आणि उठते. पाणी भरलेलं असताना हंडा घेऊन निघते. तुझी कारणं खोडता येतात, पण खोडून झाली की मला बरं वाटायला हवं ना? वाटत नाही. गौराबाई येऊन बसते, मंडळीत गाणी तिच्याच गळ्यावर चालतात, त्यामुळे घरोघरी तिला मान. ती म्हणते, "गेला त्याचं दुःख नको करू, त्यो सैतानाच्या मागं गेला." मी तिच्यापुढे चहा ठेवते आणि मला राग येतो. तुझा येतो की तिचा, ते कळत नाही.

आणखी एक. तुझ्या पत्रात चार पानं शास्त्र आहे. हिरूचं नाव कुठेच नाही. माझ्याही पत्रांत नाही, आत्ता लिहिलं तेवढंच. आपला मुलगा गेल्या पावसाळ्यात गेला, आणि आपण दोघं देव एक की तीन याचा हिशेब करतोय. वाडीतली बिनख्रिस्ती माणसं बोलतात, 'तुमच्यात पन भांडनं हायेत व्हय?' त्यांना मी काय सांगू.

ललिता


१ एप्रिल

निलेश,

परवा जे झालं ते तू समोरून बघितलंस. आता माझ्या बाजूने ऐक.

मी तुला भेटायला आले नव्हते. बाला सांगितलं होतं खोपोलीला शिलाईचं सामान आणायचंय. सामान घेतलंही. मग शिळफाट्याला उतरले, विपुलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान शोधलं आणि मागच्या जिन्याने वर तुमच्या उपासनेला आले. विपुलने मला कधी बघितलेलं नाही. "या ताई, पहिल्यांदा आलात?" म्हणाला आणि शेवटची खुर्ची दिली. तू डोळे मिटून प्रार्थना करत होतास. पित्याला, येशूच्या नावाने. मला वाटलं होतं तुमच्याकडे काहीतरी वेगळंच असेल. गाणीसुद्धा आपलीच होती.

मी ठरवलं होतं, मागे बसून ऐकायचं, आणि तू चुकलास की ते लिहून घ्यायचं.

तू गेथशेमाने बागेतलं वाचलंस. पकडला जाण्याआधी येशू जमिनीवर पालथा पडला आणि म्हणाला, हा प्याला माझ्यापासून टळू दे. मग तू विचारलंस, "तो देव होता तर हे कोणाकडे मागत होता? स्वतःकडे? आपल्याला दाखवायला नाटक करत होता का? माझा येशू नाटक करत नाही." लोक माना हलवत होते. मीही ऐकत होते, खोटं कशाला बोलू, तू चांगला बोलतोस. आणि मग म्हणालास, "माझा मुलगा जीपमध्ये तापाने फणफणत होता. मी देवाकडे मागत होतो..."

मी उठले ते मला कळलं नाही. आवाज आला तेव्हा कळलं तो माझा आहे.

"तो माझ्या मांडीवर होता. तू ड्रायव्हरशेजारी बसला होतास. सांगायचंच तर नीट सांग."

सगळ्यांनी मागे बघितलं. विपुल म्हणाला, "ताई, प्रश्न शेवटी घेऊ आपण."

"मी त्याची बायको आहे," मी म्हटलं. "आणि तो मुलगा माझा होता. त्याला उदाहरण करू नका."

तू पुस्तक खाली ठेवलंस.  म्हणालास, "उदाहरण नाही गं. ललिता, उदाहरण नाही. कडाव गाव मागे पडलं तेव्हा मी पुढे बसून मागत होतो. दवाखान्यात पोचेपर्यंत तरी ठेव, एवढंच मागत होतो. नाही मिळालं. आणि नंतर कितीतरी दिवस मला बायबल उघडवेना. उघडलं तेव्हा हेच पान आलं. त्यानेही मागितलं होतं. त्यालाही नाही मिळालं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा माझा आहे. पण तो देव असेल तर त्याला शेवट ठाऊक होता, तिसऱ्या दिवशी उठणार हे ठाऊक होतं. मला काय ठाऊक होतं? मग तो माझ्यासारखा कसा?"

मी ते ऐकलं, निलेश. हे तू मला घरी कधी सांगितलं नाहीस. शास्त्र सांगितलंस, ग्रीक शब्द सांगितलेस, हे नाही सांगितलंस. अनोळखी माणसांच्या खोलीत, मोबाइलच्या दुकानावर, मला कळलं की माझा नवरा कुठून चालत निघाला होता.

आणि मग मी जे बोलले ते ठरवून बोलले नव्हते. 

"तो देव नसेल तर देवाने काय केलं?" मी म्हटलं. "वर बसून राहिला. मरायला दुसऱ्याला पाठवलं. मग तो माझ्या मांडीवरचं पोर जाताना बघत बसला, तसाच येशूलाही जाताना बघत बसला. असल्या देवाशी मला एक शब्द बोलायचा नाही. मी अजून प्रार्थना करते ती एकाच कारणाने. की तो स्वतः खाली आला. स्वतः मेला. मरताना कसं होतं ते त्याला ऐकून माहीत नाही, होऊन माहीत आहे. तू माझ्याकडून हे काढून घेतोयस. घे. पण त्या जागी काय ठेवणार ते सांग."

कोणाचा तरी फोन वाजला आणि त्याने तो घाईघाईने बंद केला.  मी जिना उतरले.

तू मागून स्टँडपर्यंत आलास. गाडी येईपर्यंत आपण शेजारी उभे होतो. तू विचारलंस, रिया कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे. एवढंच. इतकं भांडलो, त्याचा दहावा भागही आपण एकमेकांशी बोललो नाही.

तुझ्याबरोबर का आले नाही, ते पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं, आता लिहून टाकते. हिरू इथे आहे. प्रार्थनाघराच्या मागे, बाच्या जमिनीत. मी रोज त्या बाजूने जाते. मी शिळफाट्याला आले तर तो इथे एकटा राहील. हे बोलायला वेडेपणाचं वाटतं. शास्त्रात याला आधार नाही. पण आहे हे असं आहे.

ललिता


९ एप्रिल

निलेश,

घाईत आहे. दोनच ओळी.

गुड फ्रायडेला क्रुसावरची सात वचनं सात जण सांगतात, तसं यंदाही आहे. बाने चौथं वचन मला दिलं. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास.

सगळ्यांना कळलंय का दिलं. हेच वचन घेऊन तू म्हणायचास की देव देवाला हाक कशी मारेल. म्हणजे तुला उत्तर द्यायचं, ते तुझ्या बायकोच्या तोंडून. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांपैकी एकाने तर सांगितलंच, "असं बोल की परत कोणाच्या डोक्यात शंका यायला नको."

मी हो म्हटलं. उत्तर माझ्याजवळ आहे. हे वचन म्हणजे दाविदाच्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ, आणि ते स्तोत्र शेवटी स्तुतीवर संपतं. जगाचं पाप त्याच्यावर होतं म्हणून पित्याने तोंड फिरवलं. सगळं पाठ आहे. बोलून बघते तेव्हा बरोबर येतं. मग हिरूच्या बाजूने जाते आणि ते सगळं तोंडातल्या तोंडात राहतं.

तुझं पत्र आलं नाही. रागावलास का?

ललिता


२१ एप्रिल

निलेश,

पत्र मिळालं. तू लिहिलंस, 'त्या जागी काय ठेवायचं ते मला माहीत नाही.' तुझ्या सगळ्या पत्रांतलं मला पटलेलं हे पहिलं वाक्य.

आता इकडचं ऐक. कानावर आलं असेलच, पण लोकांनी त्याला शेपूट लावलं असेल.

शुक्रवारी भर दुपारी उपासना होती. पत्रा तापलेला, लहान मुलं पाण्यासाठी उठत होती. तीन वचनं झाली. मी उभी राहिले. तयारी केली होती ती सगळी बोलले, स्तोत्र सांगितलं, पापाचं ओझं सांगितलं. आणि ठामपणे सांगितलं की येशू माझा देव आहे, कालही होता, आजही आहे. लोक 'आमेन' म्हणाले. गौराबाई सगळ्यांत मोठ्याने म्हणाली. तिथे बसायला हवं होतं.

पण मी बसले नाही. मी म्हटलं, "अजून एक सांगायचंय. त्याने 'का' विचारलं. वरून उत्तर आलं असं कुठेच लिहिलेलं नाही. मी शोधलं. त्याच्या 'का'ला देवाने लगेच उत्तर दिलं नाही, तर आपण एवढ्या घाईने का देतो? निलेश विचारतो, देवाने देवाला सोडलं कसं? मला खरं उत्तर येत नाही. येत नाही म्हणून मी येशूला देव म्हणायचं सोडणार नाही. पण माझ्या नवऱ्याला बाहेर काढायला मी मत दिलं होतं, ते मी परत घेते."

मग गौराबाई उठली. तिने मला वेडंवाकडं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "पोरी, त्यानं इचारलं नाय. त्यो नाय म्हनाला. येशू देव नाय म्हनाला. इचारनं येगळं आन् नाय म्हननं येगळं."

खरंच वेगळं आहे, निलेश.   मी फक्त एवढंच म्हटलं, "तरी परत घेते."

बा समोर उभा होता. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "पाचवं वचन." आणि पुढचा माणूस उठला.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "तू पन त्याच्यावानी झाली का?"

"नाय, बा. येशू माझा देव हाय."

"मग मंडळीसमोर ह्ये काय केलंस?"

"तो माझा नवरा हाय, बा. त्याचं आन् माझं एकच पोर मातीत हाय. मी त्याला बाहेर काढून आत कशी बसू?"

बा टोपी घालून निघून गेला.

शनिवारी मंडळीचे वडीलजन बसले. ठरलं ते असं की रविवारच्या शाळेत मुलांना मी शिकवायचं नाही, आणि मन वळेपर्यंत प्रभुभोजन घ्यायचं नाही. ईस्टरला प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट बाने स्वतः फिरवलं. एकेकापुढे थांबत आला. माझ्यापुढे आला आणि न थांबता गेला. मला ते आधीच ठाऊक होतं, तरी हात आपोआप पुढे झाला होता. तो मी पदराखाली घेतला. तुझी फार आठवण आली. तुझ्यासमोरून ताट असंच गेलं असेल तेव्हा मी पुढच्या रांगेत बसून भाकरी घेतली होती.

उपासनेनंतर सगळ्यांना जेवण होतं. मी थांबले नाही. थोड्या वेळाने रिया घरी पातेलं घेऊन आली, झाकण लावलेलं. म्हणाली, आज्याने तुझ्यासाठी दिलंय, आणि सांगितलंय की कोणी दिलं ते सांगू नको.

आता काय करायचं, ते मला कळत नाही. या घरात दोन माणसं एका चुलीवर जेवतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. मला कुठेच बसवत नाही. शिवायला बसलं तर मशीनचा आवाज सहन होत नाही, बंद केलं तर शांतता सहन होत नाही. तू सांग.

ललिता


१२ मे

निलेश,

तू म्हणालास तसं तिघांनी मिळून राहण्यासाठी दहिवलीची खोली मी बघून आले. कर्जतच्या बाजारापासून जवळ आहे, रियाच्या शाळेलाही बरी. मालकीणबाईने विचारलं, तुम्ही ख्रिश्चन का? मी हो म्हटलं. मग म्हणाली, कुठल्या चर्चचे? मी म्हटलं, सध्या कुठल्याच नाही. तिला वाटलं मी थट्टा करते.

तुमच्या लोकांनीही तुला बाजूला केलं हे वाचून मी आधी हसले आणि मग मला वाईट वाटलं. विपुल म्हणाला की जोवर बायको येशूला देव म्हणते तोवर तू शिकवू नकोस. म्हणजे तिकडेही ताट पुढे गेलं. तू त्याला काय म्हणालास ते तू लिहिलं नाहीस, फक्त 'उठून आलो' एवढंच लिहिलंस. मला तेवढं पुरे.

पण आधी ठरवून घेऊ, नाहीतर पहिल्याच दिवशी भांडण. जेवणाआधीची प्रार्थना एक दिवस तू कर, एक दिवस मी. तू पित्याला कर. मी येशूला करीन. पटली तर आमेन म्हणायचं, नाही पटली तर गप्प बसायचं, खोटं आमेन नको. रियाला तू तुझं सांग, मी माझं सांगेन, पण एकमेकांच्या समोर. पाठीमागे नाही. ती मोठी झाली की कोणाच्या नावाने बाप्तिस्मा घ्यायचा ते ती ठरवेल. आणि तू अजून चुकतोयस असंच मला वाटतं. मीही तुला तशीच वाटत असणार. हे घर बदलल्याने बदलणार नाही.

आता बाचं.

आज सकाळी तो शिलाई मशीन दोरीने बांधत होता. मी न सांगता आला, दोरी आणली आणि बांधायला बसला. ईस्टरनंतर आम्ही कामापुरतंच बोलायचो. गाठ मारता मारता म्हणाला, "चवथं वचन तुला दिलं, ते निलेशला खोडायला दिलं असं वाटलं व्हय तुला?"

"सगळ्यांनाच वाटलं. मग कशाला दिलंस?"

"मला वाचवत नाय ते."

मला समजलं नाही. तो गाठीकडेच बघत होता.

"हिरूला ठेवला तवापासून नाय वाचवत. त्या जाग्याला आलो का पान उलटतो मी. मंडळीला वाटतं म्हातारा चष्मा इसरला. म्हटलं, ललिताला देऊ. ती हिमतीची हाय."

"हे निलेशला कधी सांगितलंस?"

"त्याला कसं सांगनार? त्याला बोलाय तरी कवा दिलं मी? एक वाक्य बोल, एक वाक्य बोल, येवढंच धरून बसलो." मग म्हणाला, "मला भ्या वाटलं. त्यानं एक ईट काढली तर समदं घर माझ्या अंगावर येनार. त्याच्या डोस्क्यात जे आलं ते माझ्या बी डोस्क्यात येऊन गेल्यालं. पन मी त्याला आत येऊ नाय दिलं."

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.  माझा बा, ज्याच्या श्रद्धेच्या सावलीत आम्ही सगळे वाढलो, तो इतके महिने ते पान एकटाच उलटत होता. आणि मी? मी पाठ केलेलं उत्तर घेऊन फिरत होते. आपण तिघं एकाच ओळीपाशी अडकलो होतो, तीन वेगळ्या खोल्यांत.

"बा, मी जाते म्हनून रागावलास?"

"जा. तुझ्या नवऱ्याकडं जा. हिरूची काळजी नको करू. मी हाय हितं त्याच्यापाशी." मग दोरी ओढून बघितली, घट्ट आहे का. "आन् त्याला सांग, मी येनार हाय तुमच्याकडं. त्यो चुकतोय. येशू देवच हाय. ह्ये सांगाया येनार हाय."

"आन् तुझं सांगून झाल्यावर?"

त्याने उरलेली दोरी गुंडाळली. "मग त्यो त्याचं सांगंल. ऐकंन."

निलेश, मंडळीचा निर्णय बदललेला नाही. बदलेल असं मला वाटत नाही. गौराबाई मला रस्त्यात दिसली की दुसरीकडे बघते, आणि तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. बाला स्वतःच्या मंडळीत यावरून किती ऐकावं लागेल ते मला माहीत नाही. तरी तो येतो म्हणतोय.

सामानाचा टेंपो शनिवारी निघेल. तू खोलीवर थांब, कंपनीतून सुट्टी घे. बा त्याच्या पुढच्या रविवारी येईल, उपासना आटोपून, म्हणजे टळटळीत उन्हात. आल्या आल्या त्याला पाणी दे आणि जेवायला बसव. जेवण झाल्यावर तो पिशवीतून बायबल काढेल आणि योहानापासून सुरू करेल. तुला राग येईल, मलाही मध्ये बोलावंसं वाटेल. तेव्हा कोणी उठून जायचं नाही. भांडण मोठं झालं तरी चालेल, दार उघडं असलं आणि शेजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल.

फक्त चौथ्या वचनाची ती ओळ आली की तिघांनी थांबायचं. ज्याला वाचवेल त्याने वाचायची. कोणालाच वाचवली नाही, तर न वाचता बसून राहू.

ललिता